मागचा ब्रेक

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.
आजपासून मी सायकलस्वार. तारखेसकट लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलं की सुरुवात कधी केलीत, तर शोधाशोध नको.
वय ४८. वजन ८७, पण स्वेटर जाड होता. नवी माउंटन बाईक काल आली. सत्तावीस गिअर. दुकानदार म्हणाला, तुमच्यासारख्यांना नऊ पुरतील. त्याला माणसं ओळखता येत नाहीत.
सायकल लिफ्टमध्ये मावली नाही. लिफ्ट आमच्याच कंपनीची. मी तिथे तक्रार विभागाचा प्रमुख. एकवीस वर्षं लोकांना लेखी कळवतोय की दोष लिफ्टमध्ये नसून वापरणाऱ्यात आहे. आता मी कोणाकडे तक्रार करणार? चार मजले खांद्यावर घेऊन चढलो. दुसऱ्या मजल्यापासून वॉचमनने मागून धरली होती, पण मुख्य वजन माझ्याकडे.
सौ. म्हणाली, एक सायकल आधीच बाल्कनीत आहे, दोन वर्षं तिच्यावर टॉवेल वाळतायत. मी शांतपणे समजावलं की ती सायकल माझ्या उंचीला योग्य नव्हती. सौ.चं म्हणणं, उंची तीच आहे, रुंदी बदलली.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. साखर बंद. एप्रिलमध्ये तलाव-फेरी, म्हणजे शहराबाहेरच्या जंगलातून तलावाला पूर्ण वळसा, अडतीस किलोमीटर. तिथला सायकल ग्रुप दरवर्षी करतो. यंदा मीही. आणि पहिल्या पाचांत.

६ जानेवारी, सोमवार.
पाचचा गजर वाजला. बाहेर अंधार. अंधारात सायकल चालवणं बेजबाबदारपणाचं.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी १.
ग्रुपबरोबर पहिली फेरी. दहाजण आहेत, माझ्यासकट अकरा. प्रमुख म्हणजे एक दातांची डॉक्टर, साठीला टेकलेली बाई. सगळे तिला कॅप्टन म्हणतात. मनात म्हटलं, हिच्यासाठी थांबावं लागणार.
शेवटचा आलो. कारणं: १) सीट अर्धा इंच वर. २) टायरमध्ये हवा जास्त. ३) झाडांची मुळं वाटेत आडवी आलेली आहेत, ती कोणी काढलेली नाहीत. ४) न्याहारी.
ग्रुपचा एक नियम आहे. जिथे वाट फुटते तिथे सगळ्यांनी शेवटच्या माणसासाठी थांबायचं, म्हणजे कोणी चुकत नाही. कागदावर नियम छान आहे. प्रत्यक्षात असं होतं की दहाजण दहा मिनिटं बसून केळी खातात, पाणी पितात, हसतात, आणि मी पोचलो रे पोचलो की कॅप्टन म्हणते, आले, चला. म्हणजे सगळ्यात दमलेल्या माणसाला एक सेकंद विश्रांती नाही. सहा फाटे, सहा वेळा. शेवटच्या फाट्यावर मी मुद्दाम झाडामागे थांबून दम खाल्ला आणि मग पोचलो. ग्रुपमधला एक सायकल-मेकॅनिक म्हणाला, काका, झाडामागून तुमचा श्वास ऐकू येत होता. काका! त्याला पस्तीस तरी असतील.
घरी आलो तर सौ.ने विचारलं, तोंड असं राखेसारखं का झालंय? मी म्हटलं, जंगलातली धूळ. ती बराच वेळ बघत राहिली. नंतर बेडरूमचं दार लावून बहिणीशी फोनवर बोलत बसली. बायकांना विषय कमी पडत नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार. ऑफिसमध्ये.
एका सोसायटीची तक्रार आली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. उत्तर लिहिता लिहिता सुचलं. मी हळू आहे, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की माझ्यामागे कोणी नाही. मागे एक जरी माणूस असता तर ह्याच वेगाला लोक मध्यम म्हणाले असते.
असा माणूस हवा. कोण? बराच वेळ विचार केला. मग एकदम डोळ्यांसमोर आमचे साडूबुवा उभे राहिले. उभे म्हणजे बसलेले.

१५ जानेवारी, बुधवार.
साडूबुवांबद्दल: सौ.च्या धाकट्या बहिणीचा नवरा. वय ४४, वजन ९६, स्वेटरशिवाय. चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात वीस वर्षं काचा घासल्या. कारखाना बंद झाला. आठ महिने घरी, खिडकीत खुर्ची टाकून बसतो. कोणी बोललं तर बोलतो. जिना चढला की मधल्या कट्ट्यावर टेकतो. स्वभावाने गाय. मला दादा म्हणतो. माझ्या कामासाठी ह्याहून चांगला माणूस शोधून सापडला नसता.
संध्याकाळी गेलो. भाषण तयार होतं: आरोग्य, मोकळी हवा, पुरुषाने खिडकीत बसू नये. दुसऱ्या वाक्याला तो म्हणाला, येतो दादा. वादसुद्धा घातला नाही. माझ्या बोलण्यात वजन आहे, हे ऑफिसात कोणाला कळत नाही.
जुनी सायकल त्याला देणार. सौ. म्हणाली, टॉवेल मी दोरीवर टाकीन, घेऊन जा. एवढ्या आनंदाने तिने मला कधी काही दिलेलं आठवत नाही.

१९ जानेवारी, रविवार.
शेवटून दुसरा!!
साडूबुवा सगळी वाट माझ्यामागे, साधारण वीस फुटांवर. फाट्यावर मी पोचलो, मागे वळलो आणि अगदी सहज म्हणालो, चला, शेवटचा माणूस येऊ दे. काय सुख आहे ह्या वाक्यात. तो पोचला तेव्हा त्याच्या कपाळावर घामसुद्धा नव्हता. घाम न येणं हे वाईट लक्षण आहे असं मी कुठेतरी वाचलंय.
त्याच्या पाठीवर मोठी सॅक. दोन बाटल्या पाणी, ग्लुकोज, पट्ट्या, जादा फोन. अशक्त माणसं अशीच घाबरट असतात.
घरी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, वासरात लंगडी गाय शहाणी. गाय म्हणजे मी की तो, हे विचारायचं राहिलं.

२६ जानेवारी, रविवार.
मेहुणीचा फोन. रडत होती. म्हणाली, भाऊजी, हे काल आठ महिन्यांनी शीळ घालत होते. तुमचे उपकार कसे फेडू? मी म्हटलं, उपकार कसले, माणूस म्हणून माझं कर्तव्य. आपण किती चांगले आहोत हे माणसाला दुसऱ्याकडून ऐकावं लागतं.
ठरवलं, साडूबुवांना अधूनमधून मार्गदर्शन करायचं. आज ब्रेड खाता खाता त्याला म्हटलं, सायकलिंगमध्ये मन लागतं, शरीर नव्हे. तो म्हणाला, हो दादा. मग मला उठायला हात दिला.

२ फेब्रुवारी, रविवार.
पाचला उठण्याचा संकल्प बदलून साडेसातला. शरीराचं ऐकलं पाहिजे. साखर चहापुरती. आणि कॉफीपुरती.
ऐकलं की साडूबुवा रोज सकाळी एकटाच जंगलात जाऊन येतो. रिकामटेकड्याला दुसरं काय काम? पी हळद अन् हो गोरी, असं होत नसतं. मी त्याला हसून म्हटलं, जपून, वयाचा विचार कर. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, पण तब्येतीने मोठा.

९ फेब्रुवारी, रविवार. रात्री नाही, संध्याकाळी लिहितोय, पण डोक्यात रात्र आहे.
आज तलावाकाठच्या चढावर मी जरा डावीकडे झुकलो. डोळ्यांपुढे काजवे आले होते, पण ते नेहमीचे. तर साडूबुवा एकदम बाजूला! खांद्याला खांदा! वर विचारतो, दादा, बरे आहात ना?
मला सगळं कळतं. पुढे जायचं आहे आणि वरून चौकशी. वीस फुटांचे वीस इंच झालेत. ज्या माणसाला मी खुर्चीतून उचलून माणसांत आणलं, तो माझ्यावर चाल करून येतोय. मी म्हटलं, मागे राहा. तो लगेच मागे गेला. म्हणजे गुन्हा कबूल.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
साडूबुवांच्या सुरक्षिततेचा विचार करतोय. ९६ किलोचा माणूस (आता नव्वद म्हणे), उतार, ओली पानं. अशा माणसाचा ब्रेक सैल असणं धोक्याचं. त्याच्या घरी गेलो. तो आत चहा करत होता. सायकल जिन्याखाली. मागच्या ब्रेकच्या केबलचा पेच दीड फेरा आवळला. रबर चाकाला जेमतेम टेकतं. जेमतेमच. चाक फिरतं, पण विचार करून फिरतं.
चहा चांगला होता. त्याने माझ्यासाठी बिस्किटं आणून ठेवली होती.

१६ फेब्रुवारी, रविवार.
साडूबुवा पाचशे फूट मागे. चढावर धापा टाकत होता, चेहरा लाल. फाट्यावर मी त्याच्यासाठी पूर्ण साडेतीन मिनिटं थांबलो. केळं खाल्लं. मेकॅनिकच्या विनोदाला हसलो. तो आला, मी म्हटलं, आला, चला.
फार दिवसांनी घरी गाणं म्हणत अंघोळ केली.

२ मार्च, रविवार.
साडूबुवा परत वीस फुटांवर. कसा काय? त्याच्या घरी जाऊन पाहिलं तर ब्रेकचं रबर झिजलंय. पुन्हा आवळला, ह्या वेळी दोन फेरे. सगळी देखभाल मलाच करावी लागते. त्याला सायकलचं काही कळत नाही, चालवत तेवढा राहतो.
तो म्हणत होता, दादा, माउंटन बाईक जड असते हे ऐकून होतो, पण एवढी असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, हाच तर खेळ आहे. त्याला पटलं.

९ मार्च, रविवार.
कॅप्टनने जाहीर केलं: तलाव-फेरी ६ एप्रिलला. त्याआधी ३० मार्चला चाचणी. बारा किलोमीटर, सव्वा तासाच्या आत. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकाला सोडणार. जो वेळेत नाही तो फेरीला नाही, कारण पलीकडच्या काठावर रस्ता नाही आणि तिथून कोणाला उचलून आणायचं बळ तिच्यात नाही. हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्याकडून साडूबुवांना समजवायचं असावं.
परत येताना समजावलं. म्हटलं, नापास झालास तर मनाला लावून घेऊ नकोस, खिडकी आहेच. तो हसला. मग म्हणाला, दादा, मला ही फेरी फार करायची आहे. कारखाना सुटल्यापासून मी कशाची तारीख मोजली नव्हती, ही मोजतोय. मी म्हटलं, छान. पण माणसाने फार आशा ठेवू नये हे मीच त्याला सांगायला हवं.

२३ मार्च, रविवार.
माझा तयारीचा आराखडा पूर्ण. आता चार रंगांत तक्ता करायचा. सोमवार चढ, मंगळवार उतार, बुधवार श्वास, गुरुवार मानसिक तयारी. तक्ता करण्यात सोमवार ते बुधवार जातील, म्हणून गुरुवारपासून सुरू करतोय.

२७ मार्च, गुरुवार.
मानसिक तयारी केली. दीड तास झोप लागली.

२९ मार्च, शनिवार.
उद्याचा अंदाज: मी ६२ मिनिटं. साडूबुवा, देवाची कृपा झाली तर, ९५. ब्रेक परवाच तपासून आलो. टेकलेला आहे.

३० मार्च, रविवार. दुपारी ३.
जे झालं ते क्रमाने लिहितो. मी शांत आहे.
सुटण्याआधी मेकॅनिकने सगळ्यांच्या सायकली तपासल्या. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. साडूबुवांचं मागचं चाक उचलून त्याने फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि थांबलं. परत फिरवलं, परत थांबलं. त्याने विचारलं, हे कोणी केलंय? पेच शेवटपर्यंत आवळलाय, रबर कागदाएवढं उरलंय, हा माणूस दोन महिने ब्रेक लावून डोंगर चढतोय!
सगळे गोळा झाले. साडूबुवा म्हणाला, मला वाटलं सगळ्यांची अशीच असते.
सगळे हसले. कॅप्टन हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी एका झाडाकडे. साडूबुवाही माझ्याकडे बघत होता असं नंतर मेकॅनिक म्हणाला. मी म्हटलं, जुनी सायकल आहे, होतं असं.
मेकॅनिकने पेच सैल केला, रबर बदललं. चाक सोडलं तर फिरतच राहिलं.
माझ्या दोन मिनिटांनी त्याला सोडलं. तिसऱ्या मिनिटाला मागून आवाज आला, दादा, उजवीकडून येतोय, आणि तो गेला. पाठ दिसली, मग झाडं दिसली.
निकाल: साडूबुवा ४९ मिनिटं. सगळ्यांत दुसरा. पहिली कॅप्टन.
मी: एक तास चौपन्न मिनिटं. त्यात सतरा मिनिटं एका दगडावर बसलो होतो, ती वजा करायला कोणी तयार नाही.

३१ मार्च, सोमवार. ऑफिसला गेलो नाही.
मेहुणीने सौ.ला फोन करून ब्रेकचं सांगितलं. सौ.ने मला विचारलं. मी म्हटलं, यंत्र आहे, आपोआप आवळतं. ती म्हणाली, हे उत्तर सोसायटीवाल्यांना द्या.
मग तिने सांगितलं ते असं. १२ जानेवारीला मी राखेच्या तोंडाने घरी आलो, तेव्हा ती घाबरली. मी ऐकणार नाही हे तिला माहीत. म्हणून तिने बहिणीला फोन केला, की ह्यांच्यामागे कोणीतरी पाहिजे, जंगलात पडले तर कळणार कोणाला. साडूबुवा लगेच हो म्हणाला. मी भाषण घेऊन पोचलो त्याच्या तीन दिवस आधी. पाणी, ग्लुकोज, जादा फोन, सगळं माझ्यासाठी होतं. सौ.ने त्याच्याकडून शब्द घेतला होता की दादांच्या पुढे जायचं नाही, नजर सोडायची नाही. फेब्रुवारीत एकदा त्याने तिला विचारलं होतं, ताई, फक्त सपाटीवर, एकदाच, पुढे जाऊ का? ती नको म्हणाली, तर तो बरं म्हणाला. ब्रेक लागलेल्या सायकलने तो माझ्यामागे राहायला धडपडत होता, कारण त्याला भीती वाटायची की मी नजरेआड होईन.
सांगता सांगता सौ. रडली. माझ्यासाठी नाही.
सगळ्याचा शांतपणे विचार करता एकच निष्कर्ष निघतो. तीन महिने माझ्या पाठीमागे कट चालू होता. शब्दशः पाठीमागे.

२ एप्रिल, बुधवार.
साडूबुवाचा फोन नाही. रोज यायचा, संध्याकाळी सात वाजता, दादा पाय दुखतायत का म्हणून. मीही करणार नाही. चूक ज्याची त्याने करावा.
सात वाजले. सव्वासात.

५ एप्रिल, शनिवार.
उद्या त्यांची फेरी. मला बंदी फेरीला आहे, जंगलाला नाही. मी एकटाच मधल्या एका पायवाटेने आत शिरून उलट्या बाजूने जाणार, तलावाकाठी मोठ्या खडकापाशी त्यांना सामोरा येणार, आणि हात वर करणार. त्यांना वाटेल, अरे, हा तर आधीच इथे! सौ.ला सांगितलं की ऑफिसचं काम आहे. रविवारी? असं ती म्हणाली, पण पुढे काही बोलली नाही. हल्ली पुढे बोलत नाही.

६ एप्रिल, रविवार. दुपारी ४. उजवा पाय बादलीत.
खडकापर्यंत पोचलो नाही. त्याच्या दोन किलोमीटर अलीकडे, जिथे उतारसुद्धा म्हणता येणार नाही अशा जागी, पडलो. घोटा सुजला. फोन तलावात. दोन तास बसलो. बदकं होती. पहिल्या तासात सीटच्या उंचीबद्दल विचार केला. दुसऱ्या तासात काही सुचेना. मागे कोणी येत नव्हतं, आणि येणार नाही हे मला माहीत होतं. घाबरलो होतो. हे इथे लिहायला हरकत नाही.
मग ते आले. कॅप्टन पुढे, तिच्यामागे साडूबुवा. सगळे थांबले. कॅप्टनने पाय दाबून पाहिला, म्हणाली, मोडलेला नाही, पण मी दातांची डॉक्टर आहे. तिने सौ.ला फोन लावला. मग प्रश्न आला की मला जंगलाच्या गेटपर्यंत कोण नेणार. ते आले त्या वाटेने चार किलोमीटर मागे. नेईल त्याची फेरी बुडणार. साडूबुवा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आणतो.
मला सीटवर बसवून तो सायकल ढकलत चालला. तासाहून जास्त. माझी सायकल तिथेच झाडाला बांधली. मी बोलत होतो, वाट किती खराब आहे, वनखातं झोपलंय का, वगैरे. तो हं म्हणत होता. बारा-पंधरा किलोंनी उतरलाय. मानेवरचं हाड दिसत होतं.
गेटपाशी त्याने मला बाकावर बसवलं, पाय दुसऱ्या बाकावर ठेवला, खाली आपली सॅक दिली उंचीसाठी. पाण्याची बाटली हातात दिली. मग समोर उभा राहिला आणि म्हणाला, दादा, एक विचारू? रागावणार नाही, कोणाला सांगणारही नाही, मला फक्त माहीत असायला हवं. तो ब्रेक तुम्ही आवळला होता का?
आजूबाजूला कोणी नव्हतं. हो म्हणायला काही लागत नव्हतं. तो वाट बघत होता, आणि मला वाटतं, हो ऐकायचीच वाट बघत होता.
मी म्हणालो, नाही.
तो बरं म्हणाला. सॅक माझ्या पायाखाली राहू दिली, सायकल वळवली आणि चालवायला लागला. निदान अर्धी फेरी तरी गाठता येईल म्हणून असेल, फार वेगाने गेला. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं.
दहा मिनिटांनी सौ. गाडी घेऊन आली. माझ्या पायाकडे तिने पाहिलं, पण आधी विचारलं, तो कुठे आहे?
मी म्हटलं, पुढे गेला.